वारीला निघालेल्या मधुमेही पेशंटचे बधिर पाय: उपकेंद्रावर काय तपासावं, काय सांगावं?

माळरान

नमस्कार. उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. ज्येष्ठ लागला की गावात दिंडीची बांधाबांध सुरू होते. आमच्याकडून मधुमेहाच्या गोळ्या नेणाऱ्यांपैकी दहा-बारा जण माउलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर पायी जातात. साधारण २५० किलोमीटर, अठरा-वीस दिवसांची चाल. बहुतेक जण साठी ओलांडलेले आणि साखर दहा वर्षांपेक्षा जुनी. पायांचं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: "मुंग्या येतात", "तळव्यांची आग होते", "गादीवरून चालल्यागत वाटतं", "चप्पल निसटली तरी कळत नाही". काही जण तर म्हणतात, "पाय एकदम झकास, काही दुखत नाही."

निघायला तीन आठवडे आहेत. अडचणी अशा:

१. मोनोफिलामेंट (पायाची स्पर्शाची जाणीव तपासायची नायलॉनची तार) एकच आहे आणि त्याची तार वाकलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ट्यूनिंग फोर्क (कंपनाची जाणीव तपासायचा धातूचा काटा) आणला, त्यावर ५१२ लिहिलंय. चालेल का?

२. आग होते म्हणणाऱ्या प्रत्येकाला बी-१२चं इंजेक्शन हवं असतं. सरसकट द्यावं का?

३. पायात काय घालायला सांगू?

४. कुणाला "यंदा पायी नको" म्हणायचं? सगळ्यांनाच नको म्हटलं तर पुढच्या वर्षी पाय दाखवायला कुणी येणार नाही.

सातपुडा

५१२चा फोर्क परत करा, तो कान तपासायचा आहे. पायाला १२८ हर्ट्झचा लागतो. ५१२चं कंपन बारीक असतं आणि लवकर विरतं, त्यामुळे चांगला पायही बधिर ठरेल. वाकलेल्या मोनोफिलामेंटचंही तेच. १० ग्रॅम दाब पडायच्या आत तो दुमडतो, मग पेशंटला कळलं नाही यात पायाचा दोष नसतो. नवा मिळाला तर एका दिवसात दहा पेशंटपर्यंतच वापरा आणि नंतर २४ तास ठेवून द्या. तार थकते, विश्रांतीनं पुन्हा ताठ होते.

तोवर हातात काही नसेल तरी तपासणी अडत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात विकसित झालेली बोटानं स्पर्श करायची चाचणी वापरा. पेशंटला झोपवा, डोळे मिटायला सांगा. कुठला पाय उजवा, कुठला डावा हे आधी हात लावून पक्कं करून घ्या. मग तर्जनीचं टोक पायाच्या बोटाच्या टोकाला १ ते २ सेकंद अलगद टेकवा. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. लागलं की त्यानं "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, घासायचं नाही. एखाद्या ठिकाणी कळलं नाही तर तिथं पुन्हा लावायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर ते पाय धोक्यातले समजा.

मोनोफिलामेंट असेल तेव्हा प्रत्येक पायाच्या चार जागा घ्या: अंगठ्याची गादी आणि चवड्यावर पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटाच्या मुळाशी असलेली हाडं. घट्टा असेल तर त्याच्या शेजारी लावा, घट्ट्यावर नाही. तार काटकोनात टेकवून इंग्रजी सी-सारखी वाकेपर्यंत दाबायची आणि १-२ सेकंदांत उचलायची. सगळ्यात जास्त चूक प्रश्न विचारण्यात होते. "लागलं का?" असं तार टेकवताना विचारलं की माणूस हो म्हणतो, कारण प्रश्नच त्याला खूण देतो. "कुठल्या पायाला, कुठं?" असं विचारा आणि मधेच एकदा तार न लावताही विचारा. प्रत्येक जागी तीन वेळा विचारायचं (त्यात एक खोटी), दोन उत्तरं बरोबर आली तर ती जागा ठीक.

आता "काही दुखत नाही" म्हणणाऱ्यांबद्दल. तुमच्या यादीत सगळ्यात आधी तेच तपासा. न्यूरोपथी (नसा खराब होण्याचा आजार) असलेल्यांपैकी निम्म्यांपर्यंत लोकांना कसलाच त्रास जाणवत नाही. नसेत बारीक आणि जाड असे दोन्ही तंतू असतात. आग, टोचणं, गरम-गार हे बारीक तंतूंचं काम. स्पर्श, कंपन, पाय कुठं पडलाय याचं भान हे जाड तंतूंचं. त्यामुळे आग होणाऱ्याचा मोनोफिलामेंट चांगला येऊ शकतो, नर्व्ह कंडक्शनचा (नसेतून संदेश कसा जातो त्याचा) रिपोर्टही नॉर्मल येतो, कारण ती तपासणी जाड तंतूच मोजते. म्हणून त्याचं दुखणं खोटं ठरत नाही. उलट ज्याची आग चार वर्षं होती आणि आता "आपोआप बरी झाली", त्याच्याकडे नीट बघा. बऱ्याचदा तिथं नस सुधारलेली नसते, पूर्ण विझलेली असते.

सुरुवात बोटांपासूनच का होते, हे पेशंटला सांगायला उपयोगी पडतं. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या तंतूची मूळ पेशी कण्यापाशी असते आणि तिथून अंगठा सुमारे एक मीटर. एवढ्या लांब धाग्याला लागणारा सगळा माल त्या पेशीतून जातो, आणि साखरेनं धाग्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. मग सगळ्यात लांबचं टोक आधी वाळतं. बधिरपणा दोन्ही पायांत सारखाच, मोज्यासारखा वर चढतो. तो गुडघ्याच्या जवळपास पोचला की हाताच्या बोटांत मुंग्या सुरू होतात, कारण तिथल्या तंतूंची लांबी साधारण तेवढीच असते.

या नकाशात न बसणारा पाय साखरेच्या खात्यावर टाकू नका. एकाच पायात, हातात आधी, बधिरपणापेक्षा अशक्तपणा जास्त, काही आठवड्यांत झपाट्यानं वाढलेलं, असं असेल तर वर पाठवा. विदर्भात आणि पालघरकडे असाल तर कुष्ठरोगही डोक्यात ठेवा: अंगावर न कळणारा चट्टा, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जाड लागणारी नस.

औषधवही

बी-१२बद्दल. सरसकट नको, पण तुमच्या गटात कमतरता खरोखर जास्त सापडेल. माळकरी म्हणजे शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन, त्यात पित्ताची पँटोप्रॅझोल रोज सकाळी. तिन्ही गोष्टी बी-१२ कमी करणाऱ्या. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांपेक्षा जास्त किंवा दिवसाला दीड-दोन ग्रॅम चालू असेल तर पातळी तपासून घ्या. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमतरता, २०० ते ३०० संशयास्पद. रक्त इंजेक्शनच्या आधी काढायचं. एकदा सुई टोचली की पातळी वर जाते आणि मुळात काय होतं ते कळत नाही. कमतरता निघाली तर इंजेक्शनचा कोर्स डॉक्टर ठरवतील. ज्यांना सुई नको त्यांना रोज १००० मायक्रोग्रॅम तोंडानंही चालतं, कारण एवढ्या मोठ्या मात्रेतला अगदी थोडा भाग आतड्यातून आपोआप झिरपतो आणि तेवढा पुरतो. मेटफॉर्मिन मात्र कुणी स्वतःहून बंद करू नये.

पातळी चांगली असताना दिलेल्या बी-१२नं नस सुधारेल, अशी खात्री देता येत नाही. आणि "नसांची गोळी" म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलची पट्टी उलटून बी-६ किती आहे ते वाचा. दोन-तीन ब्रँड एकाच वेळी चालू असणारे लोक असतात. बी-६ रोज १०० मिलिग्रॅमच्या वर महिनोन् महिने गेलं तर तेच नसा बिघडवतं, लक्षणंही तशीच: मुंग्या, बधिर तळवे.

दुखण्याच्या औषधांबद्दल थोडक्यात. प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही तीन मुख्य. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑप्शन-डीएम चाचणीत तिन्हींपैकी कशानंही सुरुवात केली तरी दुखण्यावरचा परिणाम सारखाच निघाला, आणि एकानं भागलं नाही तर दुसरं जोडल्यावर आणखी फरक पडला. म्हणून निवड सोबतच्या आजारांवरून करायची. प्रोस्टेटमुळे लघवी अडते, काचबिंदू आहे, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, तर अमिट्रिप्टिलिन नको. किडनी कमजोर असेल तर प्रीगाबालिनचा डोस कमी करावा लागतो. शिवाय त्यानं पावलं सुजतात, झोप येते, तोल जातो. म्हातारी माणसं रात्री लघवीला उठून पडतात ती बऱ्याचदा यामुळे.

तुमच्यासाठी महत्त्वाचं: यातलं कुठलंही औषध निघायच्या आदल्या आठवड्यात नव्यानं सुरू करू नये. सुजलेलं पाऊल जुन्या चपलेत मावत नाही आणि पेंगुळलेला माणूस घाटात चालू शकत नाही. आधीपासून चालू असेल तर वीस दिवसांचा साठा द्या, वाटेत अचानक तोडू नये. आणि अपेक्षा आधीच सांगून ठेवा. दुखणं निम्म्यावर आलं तरी औषध चांगलं लागू पडलं. पूर्ण जाईल या आशेवर लोक महिन्याला डॉक्टर बदलतात.

गोदाकाठ

@औषधवही, मिथाइलकोबालामिननं (म्हणजे बी-१२नं) अपाय तर काही होत नाही ना? पातळी करायला पेशंटला पदरचे पैसे मोडून तालुक्याला जावं लागतं. देऊन टाकलं तर काय बिघडलं?

औषधवही

औषधाचा थेट अपाय नगण्य, हे खरं. कमतरतेचा दाट संशय आहे आणि तपासणी शक्यच नाही, तिथं डॉक्टर देतील आणि द्यावंही. माझा आक्षेप वेगळा आहे. सुई घेतलेला माणूस "पायाचं औषध झालं" म्हणून निघून जातो आणि पाय कुणी बघतच नाही. वरच्या तिन्ही गोळ्यांनासुद्धा हे लागू आहे. त्या दुखणं कमी करतात, गेलेली जाणीव परत आणत नाहीत. गोळीनं आग थांबलेला बधिर पाय काट्यावर पडला तरी गप्पच राहणार.

रबर आणि दोरा

पादत्राणं बनवतो, त्यामुळे फक्त प्रश्न तिसरा.

अंगठ्याची चप्पल नको, कोल्हापुरी तर नकोच. अंगठा आणि शेजारच्या बोटामधल्या बेचक्यात पट्टा घासतो आणि ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळावी लागतात. बधिर पायाची बोटं आधीच वाकडी होत आलेली असतात, कारण तळव्यातले छोटे स्नायूही त्याच नसांवर चालतात. शिवाय निसटली तर कळत नाही, हे तुमच्या पेशंटनंच सांगितलंय.

एमसीआरची सँडल सांगा, म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरकडे जे काम झालं त्यातून ही पादत्राणं आपल्याकडे रुळली. विकत घेताना बघायच्या गोष्टी: आतला थर अंगठ्यानं दाबला की दबावा आणि सोडल्यावर लगेच वर यावा, खालचा तळ मात्र कडक हवा, हातानं दुमडता आला तर काटा आणि खडी आरपार येते. पुढे वेलक्रो, टाचेमागे पट्टा. कुठंही खिळा नको, सगळं चिकटवलेलं किंवा शिवलेलं. निव्वळ मऊ म्हणून विकली जाणारी फोमची चप्पल घेऊ नका, पन्नास किलोमीटरमध्ये चवड्याखाली तिचा पापड होतो.

माप संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं घ्यायचं. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे १ ते २ सेंटिमीटर जागा. बधिर पायाला घट्ट चप्पल "बरोबर" वाटते, कारण सैल असलेली त्याला जाणवतच नाही, म्हणून "बरी वाटते का?" याच्यावर माप ठरवू नका. कागदावर उभं करून पावलाची रेघ मारा, कापा आणि कागद चपलेत ठेवून बघा. कागद दुमडला तर चप्पल लहान.

तीन आठवडे आहेत म्हणता, तर आजच घ्यायला सांगा. पहिल्या दिवशी एक तास, मग काढून पाय बघायचा. लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर तिथला पट्टा बदलून घ्यायचा. रोज तासाभरानं वाढवत न्यायचं. नवी कोरी चप्पल घालून आळंदीहून निघणं सगळ्यात वाईट. जमलं तर दोन जोड, पावसात भिजलेला एक वाळेपर्यंत दुसरा.

पट्टी बांधा

मधुमेही पायांच्या ड्रेसिंग विभागात परिचारिका आहे. वाटेवरच्या नेमाबद्दल लिहिते, कारण जखमा चालताना होतात तशा मुक्कामावरही होतात.

मुक्कामी पोचल्यावर कढत पाण्यात पाय सोडून बसायची पद्धत आहे. बधिर पायाला हे बंद. पाणी कोमट हवं, ३७ अंशांपेक्षा जास्त नाही आणि ते दुसऱ्या माणसानं कोपरानं बघायचं. स्वतःच्या हातावर भरवसा नको, बोटंही बधिर असू शकतात. भिजवत ठेवायचं नाही, धुवायचं आणि पुसायचं. विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, जळजळीत बाम, शेकोटीजवळ पाय, सगळं नको. तळव्यावर मोठ्ठा पाण्यानं भरलेला फोड आणि पेशंट म्हणतो "कशानं झालं माहीत नाही", तेव्हा पहिला प्रश्न शेकाचाच विचारावा लागतो.

पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. टाचेला आणि तळव्याला खोबरेल किंवा व्हॅसलीन, बेचक्यांत नाही. टाचा फुटतात त्याचं कारणही नसाच: घाम आणणारे तंतू गेल्यामुळे कातडी कोरडी पडते. बेचक्यांत मात्र पावसानं कुजतं, तिथं बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोल मलम.

मग पाय बघणं, रोज, दोनदा. वाकता येत नसेल तर छोटा आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचा. सगळ्यात चांगलं म्हणजे दिंडीतल्या दोघांची जोडी लावून द्या, एकमेकांचे पाय बघायची. नजर अधू असलेल्याला तळवा आरशात दिसत नाही. मोजे पांढरे किंवा फिके, सुती, शिवण बाहेर येईल असे उलटे घातले तरी चालतात. रक्ताचा किंवा पिवळा डाग मोज्यावर आधी दिसतो. चप्पल घालण्याआधी प्रत्येक वेळी झटकून आत हात फिरवायचा. आणि अनवाणी एक पाऊलही नाही. डांबर उन्हात किती तापतं ते बधिर पायाला समजत नाही.

घट्टा ब्लेडनं तासायचा नाही, कुरुपाची पट्टी लावायची नाही. तिच्यात आम्ल असतं, ते चांगली कातडीही खातं. घट्ट्याच्या आत काळसर-लाल ठिपका दिसला तर खाली जखम आहे असंच धरा आणि निघण्याआधी तासून घ्यायला पाठवा.

फोड आला तर फोडायचा नाही. स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडी पट्टी, आणि त्या दिवसापासून चालणं बंद, दिंडीच्या ट्रकमध्ये बसायचं. पट्टी बांधून पुढे चालत राहिलं तर पट्टीचा उपयोग शून्य, कारण जखम दाबानं झालीय आणि दाब चालूच आहे. दुखत असतं तर माणूस लंगडला असता, आणि लंगडण्यानंच पाय वाचला असता. हळद, चुना, राख काही भरायचं नाही. लाली जखमेच्या कडेपासून २ सेंटिमीटरच्या पलीकडे गेली, वास येतो, ताप-थंडी वाजली, तर त्याच दिवशी रुग्णालय.

माळरान

खूप उपयोगी. पट्टी बांधा ताई, जोड्या लावायची कल्पना उद्यापासूनच. करोनाच्या वेळची कपाळावर धरायची थर्मामीटर गन पडून आहे, तिनं पायाचा गरमपणा मोजता येईल का? आणि चौथा प्रश्न राहिलाच.

सातपुडा

गन चालते, पण बटणानं तिला वस्तूच्या मोडवर टाका. अंगाच्या मोडमध्ये पाऊल ३२ अंशांखाली असेल तर नुसतं 'लो' दाखवते. दोन्ही पायांच्या त्याच जागा, तेवढ्याच अंतरावरून, दहा मिनिटं बसवून मग मोजा. आकडा महत्त्वाचा नाही, फरक महत्त्वाचा. एका जागी दुसऱ्या पायापेक्षा २.२ अंश सेल्सिअस किंवा जास्त गरम सलग दोन दिवस, तर आत सूज धरलीय, चालणं थांबवा.

पायी नको म्हणायचं ते असे:

उघडी जखम आहे, कितीही छोटी असो. पूर्वी जखम भरून आली आहे किंवा बोट काढलेलं आहे, आणि पाय बधिर आहे. यांचा धोका सगळ्यात वरचा. यांना एरवीही १ ते ३ महिन्यांनी पाय दाखवायला बोलवा. बधिरपणा अधिक पायाच्या नाड्या न लागणं: पावलाच्या वरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची, दोन्ही चाचपा. निव्वळ बधिर पाय ऊबदार, कोरडा, शिरा फुगलेला असतो. गार आणि केस गेलेला पाय रक्त कमी असल्याचं सांगतो, तिथली छोटी जखमही भरत नाही.

आणि एक चुकू नका. एकच पाय लाल, गरम, सुजलेला, पण फारसा न दुखणारा, जखम नाही, ताप नाही. "मुरगळला असेल" म्हणून चोळलं जातं. हा शार्को पाय असू शकतो: बधिर पावलातली हाडं आतल्या आत मोडत असतात आणि सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येतो. झोपवून पाय दहा मिनिटं उंच धरा. लाली ओसरली तर शार्कोचा संशय वाढतो, नाही ओसरली तर जंतुसंसर्गाचा. दोन्हींत त्या पायावर वजन टाकू न देता पाठवा. असा पाय २५० किलोमीटर चालला तर तळव्याची कमान कोसळून पाऊल होडीच्या तळासारखं होतं.

पायांपलीकडच्या नसाही बघा. पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला तर उन्हात, पाणी कमी पडलं की हा माणूस कोसळणार. त्याच्या बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या डॉक्टरांकडून आधी बघून घ्या. अशांना हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता येऊ शकतो. दिवेघाट चढताना अचानक दम, घाम, मळमळ झाली तर "उन्हानं झालं" म्हणून सोडू नये, हे दिंडीप्रमुखाला सांगून ठेवा. साखर उतरल्याची थरथरही काहींना जाणवत नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यानं चालायच्या आधी आणि दुपारी ग्लुकोमीटर लावायचा, खिशात साखर ठेवायची. एकादशीच्या उपासाला डोस तसाच घ्यायचा नाही, आधी विचारून घ्यायचा. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी चालू असेल तर तेही तेव्हाच विचारा, उपास आणि पाणी कमी या दोन्हींत ती धोक्याची.

ज्यांना पायी नाही म्हणाल त्यांना गाडीनं पुढच्या मुक्कामावर जाता येईल का ते दिंडीप्रमुखाशी बोलून मगच नाही म्हणा. मऊ पायवाटेवर थोडं चालून बाकी ट्रकमध्ये, हा मधला मार्ग फक्त बधिर पण जखम कधीच न झालेल्या आणि नाड्या चांगल्या असलेल्यांसाठी.

माळरान

दिंडीप्रमुखांशी बोलले. दोन जण ट्रकमध्ये बसायला तयार आहेत. १२८चा फोर्क तालुक्याहून सोमवारी येतोय, तोवर बोटानं तपासायला सुरुवात केली. आज सहा जण झाले, तिघांना दोनपेक्षा जास्त बोटांवर काही कळलं नाही. त्यातला एक "पाय झकास" म्हणणारा.

पट्टी बांधा

त्या तिघांचे पाय निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा आणि दोन्ही तळव्यांचे फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये काढून ठेवा. वाटेत डॉक्टरांनी विचारलं की "हे आधीपासून होतं का?", तर दाखवायला काहीतरी असेल.